चाकांवरचे घर, पण मुक्काम कुठे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यात पन्हाळगडाचा समावेश झाला. कोल्हापूरकरांना आनंद होणे स्वाभाविकच होते. राधानगरी अभयारण्य २०१२ पासूनच पश्चिम घाटाच्या वारसास्थळांत आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात निसर्गाचा आणि इतिहासाचा असे दोन जागतिक वारसे नांदत आहेत. तथापि कोल्हापूरच्या पर्यटन व्यवसायाचे जुने दुखणे त्यामुळे आपोआप बरे होणार नाही. पर्यटक सकाळी येतो, अंबाबाईचे दर्शन घेतो, जोतिबाला जाऊन येतो, तांबडा-पांढऱ्याचा आस्वाद घेतो, सायंकाळी रंकाळ्यावर चक्कर मारतो आणि रात्री कोकणाच्या किंवा गोव्याच्या वाटेला लागतो. तो येथे मुक्काम करीत नाही. पन्हाळ्यावर, दाजीपूरला किंवा गगनबावड्याला मुक्काम करावा, अशी इच्छा असली तरी सुट्टीच्या दिवसांत खोली मिळत नाही, आणि मिळालीच तर ती मनासारखी असेल याची खात्री नसते.

या दुखण्यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत 'कॅरॅव्हॅन' या शब्दाचा उच्चार वारंवार होऊ लागला आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले. जेथे हॉटेल बांधणे शक्य नाही किंवा बांधू देणे योग्य नाही, तेथे चाकांवरचे घर घेऊन जावे, दोन दिवस राहावे आणि जमिनीवर कायमचा ओरखडा न उमटवता परत यावे, ही त्यामागची कल्पना. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण जाहीर केले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने तर त्याच्या दशकभर आधीच मार्गदर्शक धोरण तयार केले होते. एका आसाची किंवा दोन आसांची ओढायची कॅरॅव्हॅन, तंबूचा ट्रेलर, घडीची कॅरॅव्हॅन, कॅम्पर ट्रेलर असे नाना प्रकार या धोरणांत नोंदले गेले आहेत. राज्याच्या धोरणात आतील सोयींची यादीही आहे. स्वयंपाकाची जागा, शौचालय, चालक आणि प्रवासी यांच्यामधली आडभिंत, आणि सोफा-कम-बेड.

या शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. कारण कॅरॅव्हॅन पर्यटनाचे यशापयश ज्या एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे रात्रीची झोप. आणि महाराष्ट्रातल्या या नव्या प्रयोगाची खरी कसोटीही त्या शय्येभोवतीच लागणार आहे.

प्रवासी कोण?

कॅरॅव्हॅनच्या जाहिरातीत समुद्रकिनारा, शेकोटी आणि मित्रांचा कंपू दिसतो. प्रत्यक्षात या वाहनाचा स्वाभाविक ग्राहक म्हणजे जोडपे. कोल्हापूरच्या संदर्भात तर ते दोन प्रकारचे. एक नवविवाहित. लग्नानंतर जोडीने अंबाबाई आणि जोतिबाचे दर्शन घेण्याची प्रथा अर्ध्या महाराष्ट्रात आहे. ते करून पुढे आंबोली किंवा मालवणच्या बाजूला जाणारी ही मंडळी. दुसरे, आणि येत्या काळात अधिक महत्त्वाचे, म्हणजे निवृत्त जोडपे. मुले पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात. हाती थोडा पैसा आणि बराच वेळ. पण गुडघे दुखतात, पाठ धरते, रात्री दोनदा उठावे लागते. अनोळखी लॉजमधले शौचालय नको वाटते, जिने चढवत नाहीत. अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर भाड्याच्या कॅरॅव्हॅनमधून राष्ट्रीय उद्याने पाहून आलेले असे किती तरी आजी-आजोबा आज मराठी घरांत आहेत. तसेच काही आपल्याकडे का नसावे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

चाकांवरच्या शय्येची आपल्याला अगदीच ओळख नाही, असेही नाही. तमाशाचे फड आणि तंबूतले सिनेमे घेऊन फिरणाऱ्या मंडळींनी वर्षातले आठ-आठ महिने गाड्यांच्या आधाराने संसार केले. रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोघांचा कूपे ही एके काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती. गेल्या पंचवीस वर्षांत कोल्हापूर-मुंबई मार्गावरच्या खासगी शयनबसगाड्यांनी 'डबल स्लीपर' हा शब्द मराठीत रुजवला. त्या अरुंद कप्प्यात, प्रत्येक खड्ड्याचा हिशेब पाठीवर मोजत रात्र काढलेल्या कोणालाही शय्येची लांबी-रुंदी हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

शय्येचे गणित

गादीच्या दुकानात आपण सहा बाय चार, सहा बाय पाच, सहा बाय सहा अशी मापे सहज बोलतो. चार फूट रुंदीच्या गादीवर दोघे झोपले की प्रत्येकाच्या वाट्याला दोन फूट येतात, म्हणजे कूस बदलताना दुसऱ्याला जाग आलीच पाहिजे. पाच फुटांत प्रत्येकी अडीच फूट मिळतात आणि दोघांची झोप होते. त्यामुळे जोडप्यासाठी पाच फूट ही किमान रुंदी मानायला हवी. लांबीचा नियम याहून सोपा आहे. गादी आपल्या उंचीपेक्षा निदान अर्धा फूट लांब असावी. पाच फूट नऊ इंच उंचीच्या माणसाला सव्वासहा फूट लांबी लागते. पाश्चात्त्य बाजारात ट्रेलरमधल्या गाद्यांना 'क्वीन' म्हणतात, पण घरातली क्वीन ८० इंच लांब असते, तर ट्रेलरमधली पुष्कळदा ७५ इंचच भरते. नाव राणीचे राहते आणि पाच इंच कापले जातात. तेव्हा वाहन भाड्याने घेताना वा विकत घेताना नावावर न जाता सोबत मोजपट्टी न्यावी, हेच बरे.

शय्या वाहनात कशी बसवली आहे, हा त्यापुढचा मुद्दा. आपल्याकडे कोणत्याही मोटार वाहनाची बाहेरची रुंदी साधारणपणे २.६ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेआठ फुटांपेक्षा जास्त चालत नाही. टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीच्या गाड्या त्याहून बऱ्याच अरुंद असतात आणि उष्णतारोधक आच्छादन लावल्यावर आतली रुंदी सहा फुटांच्या आसपासच उरते. अशा गाडीत आडवी शय्या बसवली तर जागा वाचते, पण उंच माणसाचे पाय भिंतीला टेकतात. शिवाय आत झोपणाऱ्याला रात्री उठायचे तर बाहेरच्याला ओलांडूनच जावे लागते. तरुण जोडप्याला ही गंमत वाटेल. साठीपुढच्या जोडप्याला ती रोजची अडचण होते आणि तिसऱ्या दिवशी घरची आठवण येऊ लागते. उभी, दोन्ही बाजूंनी उतरता येईल अशी शय्या जागा अधिक खाते, पण वयस्कर जोडप्यासाठी तिला पर्याय नाही. ती शक्य नसेल तर मधून वाट सोडलेल्या दोन स्वतंत्र पलंगड्या आडव्या डबल बेडपेक्षा बऱ्या. शय्येची उंचीही गुडघ्याच्या बेताची असावी. खाली सामानाचे कप्पे हवेत म्हणून ती कमरेपर्यंत नेली की चढायला स्टूल लागते.

आता धोरणातल्या सोफा-कम-बेडचे पाहू. दिवसा बैठक आणि रात्री बिछाना, ही सोय कागदावर आकर्षक आहे. प्रत्यक्षात रोज रात्री टेबल पाडा, गाद्या जुळवा, चादर घाला आणि सकाळी ते सारे उलट क्रमाने करा, हा उद्योग करावा लागतो. जोडलेल्या गाद्यांच्या फटी नेमक्या कमरेखाली येतात. दुपारी एकाला डोळा लागला तर दुसऱ्याला बसायला जागा उरत नाही. एका रात्रीच्या सहलीला हे चालेल. आठवड्याच्या प्रवासाला चालणार नाही. धोरणकर्त्यांनी शय्येचा प्रकार सांगितला, पण किमान लांबी-रुंदीचा आग्रह धरलेला दिसत नाही. हॉटेलच्या खोलीला आपण प्रतवारी लावतो, तशी या चाकांवरच्या खोलीलाही लावायला हवी.

गादीखाली काय आहे, हेही पाहण्यासारखे असते. गगनबावड्याची गणना जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या गावांत होते. आंबोलीच्या पावसाविषयी तर सांगायलाच नको. बंद वाहनात दोन माणसे रात्रभर श्वास घेतात तेव्हा खिडक्यांच्या काचा पहाटे आतून घामेजतात. तीच ओल गादीखालच्या प्लायवूडवर उतरते आणि पंधरवड्यात बुरशी धरते. म्हणून गादीखाली अखंड फळी नको, फटी सोडलेल्या पट्ट्या हव्यात. कापसाची गादी कितीही सुखाची असली तरी ओल शोषून घेते, हे सह्याद्रीच्या माथ्यावर लक्षात ठेवावे.

ओढायचे की चालवायचे?

'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचे घर. ही कल्पना मूळची घोडागाडीच्या काळातली. इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी केवळ हौसेखातर राहण्याची घोडागाडी बांधून घेतली आणि तेथून 'हौशी भटक्यां'ची परंपरा सुरू झाली. १९०७ मध्ये तेथे कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटारीमागे ओढायचे ॲल्युमिनियमचे चकचकीत ट्रेलर आले. ट्रेलरचा मोठा फायदा असा की, तळावर घर सोडून मोकळी मोटार घेऊन फिरता येते. शिवाय इंजिन नसल्याने त्याच लांबीत शय्येला अधिक जागा मिळते. केवळ झोपेचा विचार केला तर ट्रेलर हा सरस पर्याय आहे, यात शंका नाही.

पण कोल्हापुरातून कोकणात उतरायचे तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट लागतोच. अशा वळणांवर मोटारीमागे घर ओढणे हे निराळे कसब आहे. ट्रेलर मागे घेताना तो सुकाणूच्या उलट दिशेला वळतो. हे तंत्र आपल्या जिल्ह्यात कोणाला अवगत असेल तर ते ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकांना. मोटार चालवणाऱ्या मध्यमवर्गीयाला नव्हे. वजनाचे गणितही कडक असते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा, असा अमेरिकेतला सर्वमान्य दंडक आहे. हा भार कमी पडला तर वेगात ट्रेलर सापासारखा डोलू लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीलाही सोबत खेचतो. येथे शय्येचा संबंध पुन्हा येतो. शय्या अगदी मागच्या टोकाला असेल आणि तिच्याखालच्या कप्प्यात पाण्याचे कॅन, सिलिंडर, सामान कोंबले असेल, तर नेमका हाच धोका उद्भवतो. जड सामान चाकांच्या आसाजवळ आणि शय्येखाली फक्त अंथरूण-पांघरूण, हा साधा नियम अपघात टाळतो. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सल्ला असा असतो की, भरलेल्या ट्रेलरचे वजन ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. आपल्याकडच्या दणकट म्हणवल्या जाणाऱ्या मोटारींचे वजन दीड ते दोन टन असते, हे ध्यानात घेतले तर प्रशस्त शय्या, शौचालय आणि स्वयंपाकघर असलेला ट्रेलर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जातो. आणि एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. चालत्या ट्रेलरमधल्या शय्येवर कोणीही झोपून प्रवास करू नये. घर तळावर पोचल्यावरच ते घर होते.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन वा ट्रेलर यांना केंद्राच्या २००४ च्या वर्गीकरणात बिगर-वाहतूक वाहनांत स्थान दिलेले आहे. म्हणजे कायद्याची बंदी नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी 'एआयएस-१२४' हे स्वतंत्र मानकही आहे. मात्र जुनी मिनीबस घेऊन गावातल्या गॅरेजमध्ये पलंग आणि शेगडी बसवून घेण्याचा हौशी मार्ग धोक्याचा आहे. वाहनाच्या उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अनधिकृत बदल केलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा असल्याचा निर्णय घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

सारांश, आजच्या घडीला कोल्हापूरच्या जोडप्याने ट्रेलर विकत घेण्याच्या फंदात पडू नये. इंजिनासह असलेली, मान्यताप्राप्त मोटार कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यावी, शक्य तर पहिली रात्र शहराजवळच काढून पाहावी आणि मगच पुढचा बेत ठरवावा. आग लागली तर शय्येवरून उठून थेट बाहेर पडता येईल असा दुसरा मार्ग आहे की नाही, हे आधी पाहावे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण मृत्युमुखी पडले. झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने बाहेर पडण्याचा मार्ग किती मोलाचा असतो, हे त्या रात्रीने दाखवले. ज्या वाहनात शेगडी आणि शय्या यांच्यात जेमतेम चार फुटांचे अंतर आहे, तेथे तर हा विचार पहिला हवा.

चालकाने झोपायचे कुठे?

जोडप्याच्या सुखशय्येचा विचार करताना सगळेच एक गोष्ट विसरतात. पाश्चात्त्य देशांत कॅरॅव्हॅन भाड्याने घेणारा ती स्वतः चालवतो. आपल्याकडे बहुतेक वेळा वाहनासोबत चालक येतो. रात्री आठ वाजता गाडी दाजीपूरच्या परिसरात उभी राहिली, जोडप्याने आपले दार लावून घेतले, की हा तिसरा माणूस जातो कुठे? धोरणात चालक आणि प्रवासी यांच्यात आडभिंत असावी असे म्हटले आहे. त्यामुळे खासगीपणाचा प्रश्न अंशतः सुटतो. पण आडभिंतीच्या पलीकडे तो बसल्या जागीच झोपणार असेल, तर दुसऱ्या दिवशी घाटात सुकाणू कोणाच्या हाती आहे, याचा विचार पर्यटकाने करायला हवा. एका अर्थी त्या वाहनातली सर्वांत महत्त्वाची झोप चालकाची असते.

आपल्या पर्यटन व्यवसायाचा हा जुना दोष आहे. यात्रेकरूंना खोल्या मिळतात आणि त्यांना घेऊन आलेले चालक वाहनतळावर, गाडीच्या मागच्या आसनावर पाय दुमडून पहाट करतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले. चालक थकतो आणि थकवा जीव घेतो, हे सरकारने निदान तेथे मान्य केले. कॅरॅव्हॅन तळाला मान्यता देताना चालकांसाठी पलंग, स्नानगृह आणि शौचालय असलेली खोली सक्तीची केली तर खर्च फार वाढणार नाही, पण जोडप्याला निर्धास्तपणा मिळेल आणि चालकाला माणूस म्हणून वागवल्यासारखे होईल.

वीज, पाणी आणि मैला

सुखाच्या झोपेला गारवा लागतो. येथेही साधे गणित उपयोगी पडते. बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास वीज मावते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र ताशी हजार वॅटच्या आसपास वीज खाते, म्हणजे तासाभरात बॅटरी रिकामी. तीस वॅटचा पंखा मात्र रात्रभर आठ तास चालला तरी २४० वॅट-तासच लागतात. याचा अर्थ असा की, पन्हाळा, आंबोली यांसारख्या थंड जागी पंख्यावर भागेल, पण एप्रिल-मे महिन्यांत मालवणच्या किनाऱ्यावर वातानुकूलनासह झोपायचे तर तळावर विजेची जोडणी हवीच. जनित्र चालवून झोपणे हा पर्याय नव्हे. त्याचा धूर बंद वाहनात शिरला तर जिवावर बेतते आणि त्याचा आवाज शेजारच्या सगळ्यांची झोप मोडतो.

पाण्याचेही तसेच. काटकसर केली तरी दोघांना रोजचे साठ लिटर पाणी लागते. दोन दिवसांचे १२० लिटर म्हणजे १२० किलो वजन. आणि आलेले पाणी वापरून बाहेरही पडते. न्हाणीचे, भांड्यांचे आणि शौचालयाचे हे पाणी कोठे सोडायचे, या प्रश्नाला कोल्हापुरात विशेष अर्थ आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध या जिल्ह्याने वर्षानुवर्षे आंदोलने केली, न्यायालयाची दारे ठोठावली. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, तिची आठवण अजून बुजलेली नाही. ज्या तळावर मैल्याची टाकी रिकामी करण्याची शास्त्रशुद्ध सोय नाही, तेथे दहा कॅरॅव्हॅन उभ्या राहिल्या तर त्यांचा मैला शेवटी जवळच्या ओढ्यात आणि तेथून नदीत जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आधी तळ, मग गाडी

अमेरिकेतल्या ट्रेलर संस्कृतीचे रहस्य केवळ ट्रेलरमध्ये नाही. १९६२ मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या प्रवाशांची रीघ पाहून माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज येथे 'केओए' या नावाने एक तळ सुरू झाला. पाणी, स्नानगृहे आणि सपाट जागा एवढीच त्याची पुंजी होती. पुढे त्याची साखळी देशभर पसरली आणि प्रवाशाला रात्री कोठे थांबायचे, हा प्रश्न पडेनासा झाला. आपल्याकडे धोरणाचे कौतुक झाले, छायाचित्रांसाठी गाड्याही सजल्या. तळांची साखळी मात्र उभी राहिलेली नाही. तळ नाही म्हणून गाड्या येत नाहीत आणि गाड्या नाहीत म्हणून तळ बांधायला कोणी धजावत नाही, असे हे रहाटगाडगे आहे.

ते कोल्हापुरातून थांबवता येईल का? येईल, पण जागांची निवड डोळसपणे करावी लागेल. शहराच्या जुन्या भागात अशा वाहनाला थारा नाही. महाद्वार रोड किंवा भाऊसिंगजी रोडवर सणाच्या दिवसांत मोटारसायकल हाकणे कठीण, तेथे वीस फुटांचे घर कसे वळणार? नदीकाठ दिसायला सुंदर असतो, परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पूररेषेच्या आत तळाला परवानगी देणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पन्हाळ्याचे तर दुहेरी भान हवे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचून पन्हाळ्याचा संपर्क तुटला होता; आणि आता तो जागतिक वारसा आहे. त्यामुळे तळ गडावर नको, पायथ्याशी हवा. तेथून लहान बसने वर जावे. राधानगरीतही तळ अभयारण्याच्या बाहेर, गावालगत असावा. परिसरातल्या शेतकऱ्यांनी आपल्या कृषी पर्यटन केंद्राला जोडून दोन-चार कॅरॅव्हॅनची सोय केली तर गाडीत स्वयंपाक करण्याऐवजी जोडप्याला गरम भाकरी मिळेल आणि पैसा गावात राहील. महामार्गालगत कागल किंवा शिरोलीच्या बाजूला एक मोठा तळ, आणि आडवाटांवर असे लहान तळ, ही रचना व्यवहार्य आहे.

गाड्या बांधण्याचे कामही बाहेर का जावे? शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि यंत्रकामाच्या पिढ्या घडल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतून मोटार उद्योगाला सुटे भाग जातात. ट्रॅक्टरचे ट्रेलर बांधणारे कारागीर तालुक्यातालुक्यात आहेत. मानकांची शिस्त आणि तपासणी संस्थेची मान्यता यांची जोड मिळाली, तर आपल्या घाटांना आणि आपल्या माणसांच्या उंचीला साजेशी हलकी कॅरॅव्हॅन येथे बनू शकते.

दुसरी जोडी

या चर्चेत आणखी एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. कॅरॅव्हॅन पर्यटनाचा हंगाम म्हणजे दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंतचे कोरडे, थंड दिवस. नेमका तोच ऊसगाळपाचा हंगाम. त्या दिवसांत कोल्हापूरच्या रस्त्यांवर ट्रेलर म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, त्यांवर उसाच्या मोळ्या, आणि पुष्कळदा मागे दिवा नाही की परावर्तक नाही. पर्यटकाने रात्रीचा प्रवास टाळावा, याला हे एक सबळ कारण आहे.

पण हंगामाच्या प्रारंभी हेच ट्रेलर माणसे घेऊन येतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायको, लहान मुले, भांडीकुंडी, एखादी शेळी असा सारा संसार ट्रेलरवर चढतो आणि शेकडो किलोमीटर पार करून साखर कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला कोपीत उतरतो. ऊसतोडीच्या व्यवहारात या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. दोन माणसांचे मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर उचल. महाराष्ट्रात ट्रेलरमधून प्रवास करणारी खरीखुरी जोडपी आजही हीच आहेत. त्यांच्या शय्येची लांबी-रुंदी कोणत्याही धोरणात सापडत नाही. पाचट आणि त्यावर सतरंजी, एवढाच बिछाना. पहाटे काळोखात उठून फडावर जायचे. शौचालय नाही, आडोसा नाही.

पर्यटनाच्या चर्चेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की, पर्यटकाच्या तळाला जे लागते तेच या तळाला लागते. सपाट, कोरडी जागा, नळाचे पाणी, विजेचा दिवा आणि स्वच्छ शौचालय. एका जोडप्यासाठी या गोष्टी उभ्या करता येतात, हे ज्या राज्याने धोरणात लिहून दिले, त्याला दुसऱ्या जोडप्यासाठी त्या अशक्य आहेत असे म्हणता येणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात स्वतंत्र कल्याणकारी महामंडळ आहे आणि साखर कारखान्यांकडे जागा आहे. प्रश्न क्रम लावण्याचा आहे.

कॅरॅव्हॅन पर्यटन ही चैन आहे म्हणून तिची थट्टा करण्याचे कारण नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याला दाजीपूरच्या गारव्यात, स्वतःच्या उशीवर डोके ठेवून पाखरांच्या आवाजाने जाग यावी, ही अपेक्षा मोठी नाही. तिची किंमत मोजायला ते तयार आहेत. सरकारने त्यांच्यासाठी गाड्यांची उद्घाटने करण्यापूर्वी एक तळ नीट करून दाखवावा. तेथे पूररेषा पाळलेली असावी, मैल्याची सोय असावी, चालकाला खोली असावी आणि शय्येचे माप दारावर लिहिलेले असावे. असा एक तळ कोल्हापुरात उभा राहिला तर त्याचे अनुकरण करायला राज्यात जागा पुष्कळ आहेत. आणि त्याच रस्त्याने, त्याच हंगामात येणाऱ्या दुसऱ्या जोडीच्या तळाकडे त्या वेळी तरी आपले लक्ष जावे.